तिसरा भाग न वाचलेले

माझ्या धाकट्या भावाला ज्यांनी मारलं, त्यांच्या टी-शर्टवर त्याच्याच आवडत्या माणसाचा चेहरा छापलेला होता.

हा माणूस कॉमिक्समधला. राखाडी मुखवटा आणि एका डोळ्याच्या जागी नुसतं भोक. मुलीचा खून झाल्यावर तो शहरातल्या गुन्हेगारांना स्वतःच शोधतो, स्वतःच न्याय करतो आणि शिक्षाही स्वतःच देतो. भाऊ जळगावला पॉलिटेक्निकला होता तेव्हा मेसच्या पैशातून वाचवून त्याने या कॉमिक्सचे तिन्ही भाग मागवले होते. मी धुळ्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीत घरी गेले की तो ती पुस्तकं माझ्यापुढे टाकायचा आणि म्हणायचा, "ताई, निदान चित्रं तरी बघ."

चित्रं अप्रतिम होती. पहिले दोन भाग मी एका बैठकीत वाचले आणि म्हणाले, "भारी माणूस आहे रे हा."

भाऊ चिडलाच. "भारी? तिसरा भाग वाच आधी."

तिसऱ्या भागात तो मुखवटेवाला एका गोदामाच्या राखणदाराला खुनी समजून ठार मारतो. राखणदार निर्दोष आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं. मुखवटेवाल्याला ते कधीच कळत नाही. तो हात पुसतो आणि पुढच्या माणसाकडे निघतो. त्यानंतरच्या अख्ख्या पानावर फक्त राखणदाराचं घर आहे. बायको ताट वाढून दाराकडे बघत बसली आहे.

"लेखक आपल्यालाच विचारतोय," भाऊ म्हणाला. "इतका वेळ टाळ्या वाजवत होतास ना? आता वाजव."

पुढे त्या कॉमिक्सवर मालिका निघाली आणि हिंदीत डब होऊन मोबाइलवर आली. राखणदार तिच्यात नव्हताच. दुसऱ्या भागावरच ती संपवली होती. शेवटी मुखवटेवाला उंच इमारतीच्या गच्चीवर उभा, मागे ढोल-ताशासारखं संगीत. त्या दृश्याचे रील्स झाले. जळगावात बुलेटच्या टाक्यांवर त्याचे स्टिकर दिसू लागले, जिमच्या भिंतींवर तो रंगवला गेला. आमच्या स्टाफरूममधले एक सर म्हणाले, "असाच माणूस पाहिजे या देशाला." मी तिसऱ्या भागाबद्दल सांगायला लागले, तर ते डबा उघडून शेवेची भाजी वाढून घेऊ लागले.

जळगावातल्या काही पोरांनी तर टोळीच केली. तोंडाला राखाडी रुमाल बांधून ती मेहरूण तलावावर जायची, जोडप्यांना पकडून उठाबशा काढायला लावायची आणि व्हिडिओ टाकायची. लोक खाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकायचे. टोळीचा पुढारी एक पिळदार अंगाचा पोरगा होता. तो पोलीस भरतीची तयारी करत होता.

भावाचं तेव्हा जळगावातच मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एका मुलीचे खासगी फोटो पसरले. तिने कधीतरी त्याच्याकडे मोबाइल दुरुस्तीला दिला होता, एवढ्यावरून कुणीतरी त्याच्या दुकानाचं नाव घेतलं. टोळीला तेवढं पुरलं.

उन्हाळ्याची दुपार होती. ते आले. आधी त्यांनी त्याला आडनाव विचारलं. आमचं आडनाव ऐकल्यावर गावाकडे लोकांचा जो चेहरा होतो, तो त्यांचाही झाला असणार. रुमालामुळे भावाला दिसला नाही, एवढंच. मग त्यांनी त्याला ओढून रस्त्यावर आणलं. एकाने कानावर हेल्मेट मारलं. मालिकेत मुखवटेवाला गुन्हेगाराची बोटं मोडतो, आणि मोडण्याआधी एक वाक्य म्हणतो. पुढाऱ्याने ते वाक्य म्हटलं, अगदी त्याच आवाजात. आणि भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

व्हिडिओ मला शाळेतल्याच एका बाईंनी पाठवला. "बघा, जळगावची पोरं!" असं खाली लिहून. चेहरा नीट दिसत नव्हता. मी शर्टावरून ओळखलं. तो शर्ट मीच घेतला होता.

फोटो त्या मुलीच्या जुन्या मित्राने पसरवले होते. पोलिसांनी त्याला लवकरच पकडलं. टोळीने व्हिडिओ काढून टाकला. माफी मागितली नाही, एक शब्दही लिहिला नाही. हात पुसले आणि पुढे गेले.

माझा एक मावसभाऊ भुसावळला असतो. दवाखान्यात त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, तू फक्त हो म्हण. त्या पुढाऱ्याचे दोन्ही हात कोपरापासून काढतो. कोणाला कळणार नाही."

मी लगेच नाही म्हटलं नाही. काही दिवस तो विचार मी गोळीसारखा तोंडात ठेवून चघळला. वर्गात मुलांना हात काढायला शिकवताना फळ्यावर मी त्याचाच हात काढायचे आणि नेमका कुठे मोडला तर कायमचा वाकडा राहील, ते मनात ठरवायचे. फार गोड वाटायचं.

मावसभावाला मी नाही म्हटलं, पण त्यात चांगुलपणा नव्हता. मार खाऊन तो पोरगा पलस्तर घालून व्हिडिओ टाकणार, लोक पुन्हा हात जोडणार, आणि तो आणखी मोठा नायक होणार, हे मला दिसत होतं. मला त्याला असं बघायचं होतं की तोंडावर रुमाल नाही, मागे संगीत नाही, आणि शिपाई त्याचं नाव बापाच्या नावासकट पुकारतोय. तसली जागा एकच, कोर्ट. तिथे शिक्षा हळू होते. मला हळूच हवी होती.

टोळीने व्हिडिओ काढून टाकण्याआधी मी तो उतरवून ठेवला होता. तोच घेऊन आम्ही पोलिसांत तक्रार दिली. वकील म्हणाले, एवढा पुरावा फार कमी लोकांकडे असतो.

आरोपपत्र दाखल झालं आणि पुढाऱ्याची आई धुळ्याला माझ्या खोलीवर आली. एरंडोलपासून बसमध्ये उभी राहून आली होती. मी पाणी दिलं.

"बाई, मना पोऱ्या भोळा शे," ती म्हणाली. "दोस्तसना नादे लागना. त्याले पोलिस व्हवानं शे. केस मांगे ल्या, नही ते त्यानी बठ्ठी जिंदगी वाया जाई."

"माझ्या भावाला सोल्डरिंग करता येत नाही आता," मी म्हणाले. "त्याच्या एका कानाला ऐकू येत नाही. त्याची सगळी जिंदगी कुठे जाईल?"

ती रडली. मी रडले नाही. स्टॅंडपर्यंत रिक्षा करून दिली, पण तडजोडीचं नाव काढू दिलं नाही.

आई विहारात जाते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वैर धरून कोणाचं भलं झालं, पोरी?"

"आधी तुझ्या पोराची बोटं हातात घे," मी म्हणाले, "आणि मग हेच मला पुन्हा सांग."

तिने पुन्हा विषय काढला नाही. पण माझं पटलं, असंही ती कधी म्हणाली नाही.

एका तारखेला कोर्टाच्या आवारात तो पुढारी स्वतः माझ्याजवळ आला. रुमालाशिवाय तो अगदी साधा दिसत होता. पांढरा शर्ट, कपाळाला घाम.

"मॅडम, आम्हाला खरंच वाटलं होतं की त्यानेच केलंय. आम्ही चांगल्यासाठीच करत होतो. त्याच्यासारखं."

'त्याच्यासारखं' म्हणजे कुणासारखं, ते विचारायची गरज नव्हती.

"तिसरा भाग वाचलास?" मी विचारलं.

त्याचे डोळे चमकले. "तिसरा सीझन आला का?"

मी त्याला राखणदाराची गोष्ट सांगितली. कडुलिंबाखाली उभं राहून सगळी सांगितली, ताट वाढून बसलेल्या बायकोपर्यंत. खरं सांगते, त्या क्षणी त्याची मान खाली गेली असती, तर मी कदाचित विरघळले असते. तीच भीती होती मला.

त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "पण मॅडम, तेवढं चालतं ना. एवढे गुन्हेगार मारले त्याने. एखादा चुकून जाणारच."

माझा भाऊ तेव्हा दहा पावलांवर वकिलांशी बोलत होता, चांगला कान त्यांच्याकडे करून.

"चालत नाही," मी म्हणाले. "आणि हे तुला कळेपर्यंत मी प्रत्येक तारखेला येणार."

त्याला ते अजून कळलेलं नाही, पण मी येते. भरतीत तो धावण्यात वरच्या नंबरात आला होता. चारित्र्य पडताळणीत केस निघाली आणि तिथेच थांबला. हल्ली रावेरकडे केळीच्या गाड्या भरतो, असं कानावर आलं. ते ऐकलं त्या दिवशी मी जळगावच्या स्टॅंडसमोर गरम जिलेबी घेतली आणि धुळे येईपर्यंत बसमध्ये एकटीने संपवली. त्याच्या आईचा चेहरा मध्येच आठवला. तरी खाल्ली.

भाऊ आता दुकानात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. दुरुस्तीला कोणी आलं तर शेजारच्या दुकानात पाठवतो. ते तिन्ही भाग त्याने रद्दीत दिले. मला विचारलंही नाही. तो मुखवटा कुठे दिसला की त्याची बोटं आखडतात. माझ्या लेखी त्या पोरांचा हाही एक गुन्हा आहे, फक्त त्याला कलम नाही. ज्याला ते पुस्तक कळलं होतं, त्याच्याचकडून त्यांनी ते हिसकावून घेतलं.

मागच्या तारखेला कोर्टातून परतताना आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. त्याने ग्लास डाव्या हाताने उचलला.

"ताई, तुला यात मजा येते का गं?"

"येते," मी म्हणाले.

त्याने रस संपवून ग्लास खाली ठेवला.

"मला नाही येत," तो म्हणाला. "पण तू थांबू नकोस."