अर्ध्या टाकीचा काटा

मी गाड्यांचं वायरिंग करतो. अमरावतीत बडनेरा रोडला बावीस-तेवीस वर्षं हेच काम चाललंय माझं. हॉर्न, लाइट, सेल्फ, मीटर... त्यामुळे कोणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी हसून विचारतो, "अर्थिंग तपासलं का?" माझ्या कामात आपोआप काही होत नाही. करंट येतो किंवा येत नाही, मधलं काही नसतं. अशा माणसाने हे लिहावं याचं मलाच नवल वाटतंय. पण गेल्या हिवाळ्यापासून डोक्यात जे अडकलंय ते एकदा कुठेतरी मांडायचं होतं.

शकीलभाई माझे जुने गिऱ्हाईक. संत्र्यांचा व्यापार. त्यांनी एक जुना पिकअप घेतला होता, वीसेक वर्षांचा, दोन-तीन हात फिरून आलेला. दर आठवड्याला संत्री घेऊन अकोला आणि तिथून पुढे बार्शीटाकळीच्या बाजाराला जायचे. एक दिवस गाडी दुकानासमोर लावून म्हणाले, "मिस्त्री, ये काटा पागल हो गया है. टाकी अर्धी भरेल असते अन् हा सीधा खाली. थोडं समोर गेलं की परत वर!"

"रोज होते का?"

"रोज कुठं... अकोल्याच्या पुढं, बार्शीटाकळीच्या रस्त्यावर. एकाच जागी."

मी हसलो. एकाच जागी म्हणजे तिथे खड्डा असणार, हादरा बसला की कुठेतरी वायर सुटत असणार. इंधनाच्या काट्याचा कारभार अगदी साधा असतो. टाकीत डिझेलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. तो खालीवर झाला की वायरमधून मीटरला कळतं आणि काटा हलतो. बस, एवढंच. टाकीकडची वायर काढून बॉडीला टेकवली, काटा फुलवर गेला. सोडली, खाली आला. म्हणजे मीटर चांगला. मग फ्लोट बाहेर काढून हाताने खालीवर केला, मल्टिमीटरवर रीडिंग बरोबर येत होतं. तरी जुनाच आहे म्हणून फ्लोट नवा टाकला, अर्थिंग घासून साफ केलं आणि गाडी दिली.

पुढच्या आठवड्यात शकीलभाई परत हजर. "तेच. त्याच जागी."

आता मला राग आला, गाडीचा. टाकीपासून डॅशबोर्डपर्यंत वायर नवी ओढली. जुना मीटर काढून दुकानात ठेवला आणि दुसरा, कोरा मीटर बसवला. म्हणजे या सर्किटमध्ये आता जुनं असं काहीच उरलं नाही. हे वाक्य मी तेव्हापासून मनात शंभर वेळा म्हटलंय.

"या वेळी मी पण येतो," मी म्हणालो.

सकाळी निघालो. निघताना टाकीत काडी घालून पाहिली, अर्ध्याच्या थोडी वरच होती. मल्टिमीटर मांडीवर घेतला, त्याच्या वायरी फ्लोटच्या लाइनला जोडून ठेवल्या. म्हणजे टाकी काय म्हणते आणि काटा काय म्हणतो, हे दोन्ही एकाच वेळी दिसणार. मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं. काटा जागचा हलला नाही. अकरा-साडेअकरा झाले असतील. बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर उभी, ऊन चांगलं तापलेलं.

"आता पाहा," शकीलभाई म्हणाले आणि त्यांनी वेग कमी केला.

समोर एक लहान पूल होता. त्याच्या अलीकडे काटा खाली यायला लागला.

वायर सुटली की काटा धपकन पडतो. हा तसा पडला नाही. हळूहळू उतरत गेला... टाकीतलं डिझेल खरंच संपत असावं तसा. आणि मांडीवरचा मल्टिमीटर दाखवत होता की टाकी अर्धी आहे. पुढे दोनशे पावलांवर काटा पुन्हा चढला, अर्ध्यावर येऊन थांबला.

"शकीलभाई, गाडी मागं घ्या."

रिव्हर्समध्ये आणली. पडला. पुढे नेली, चढला. पलीकडून वळवून आणली, तरी तिथेच पडला. रस्ता अगदी सपाट, खड्डा नाही. गाडी तिथेच उभी करून मीटरचा सप्लाय पाहिला, बारा व्होल्ट बरोबर. फ्लोटची वायर बॉडीला टेकवली. काट्याने फुलवर जायला पाहिजे होतं. तो खालीच. दुकानात वर जाणारा काटा इथे वर जाईना. भीती वगैरे वाटली नाही मला. डोकंच चालेना. येत असलेलं गणित एकदम चुकायला लागलं तर कसं वाटेल, तसं झालं.

आमचं ते मागेपुढे पाहून बाजूच्या शेतातून एक म्हातारबा आले. डोक्याला दुपट्टा, हातात विळा. जवळ येऊन त्यांनी पिकअपच्या फाळक्यावर हात ठेवला.

"हे तं माही जुनी गाडी होय," ते म्हणाले. "बंद पडली का?"

"नाई काका. मीटर पाहून रायलो," मी म्हणालो. "इथं आली की काटा खाली जाते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली वायर खाली ठेवली.

"इथंच?"

"इथंच."

ते रस्त्याच्या कडेला बसले. शकीलभाईंनी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी उघडलीच नाही. नाव शामराव, पुढच्याच गावचे. बारा-तेरा वर्षं झाली असतील, म्हणाले. बायकोच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तिला याच गाडीत घालून अकोल्याला निघाले होते, भरदिवसा. पुलाजवळ गाडी बंद पडली. डिझेल संपलं होतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत तासभर गेला.

"ते इथंच गेली," त्यांनी पुलाकडे बोट दाखवलं. "अन् मी सांगून रायलो का काटा अर्ध्यावर होता, मी सोता पायला होता. मांगून लोकायनं चावी फिरवून पायली तं काटा खाली! मंग कोन इस्वास ठेवीन? पोरगा म्हणे, तुमी पायलंच नाई. तुमच्या ध्यानातच नोतं. तवापासून तो पुण्यालेच हाय. बोलत नाई."

मग ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो.

"आठ दिवस नाई झाले होते मीटर दुरुस्त करून. माल घेऊन अमरावतीले नेली होती गाडी. बडनेरा रोडले सायकलीच्या दुकानाबाजूले एक मिस्त्री होता, त्याच्यापाशी."

सायकलीच्या दुकानाशेजारी तेव्हा माझं दुकान होतं. दुसरं कोणाचं नव्हतं.

शामरावकाकांनी मला ओळखलं नाही. शकीलभाईंना ते जुनं दुकान माहीत नव्हतं. मी गप्प राहिलो... हे कबूल करतो. परतीच्या रस्त्याला शकीलभाई काहीतरी बोलत होते, मी नुसतं "हाव, हाव" करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर तो काढून ठेवलेला जुना मीटर घेतला. आधी मी तो बाहेरूनच तपासला होता. आता काच काढली. आत स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. दुरुस्त केलेल्या मीटरवर मी असाच ठिपका लावतो, पुन्हा कोणी उघडला तर कळावं म्हणून. काट्याच्या मुळाशी पक्कडीने वाकवल्याची खूण होती. मग धूसर आठवलं. काटा मधेच अडकत होता, खरं तर मीटर बदलायला पाहिजे होता. घाई होती. मी काटा जरासा वाकवून दिला आणि म्हणालो, "आता काही टेन्शन नाई, बिनधास्त चालवा."

शामरावकाका निघाले तेव्हा काटा अर्ध्यावर अडकला असणार. आणि नंतर हादऱ्याने सुटून खाली आला असणार. एवढं मला समजतं. एवढ्याचं स्पष्टीकरण आहे माझ्याकडे.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन सांगून या. मंग जे होईन ते होईन."

दोन दिवसांनी एसटीने गेलो, एकटाच. शामरावकाका घरासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी बाजेवर बसलोच नाही, उभ्यानेच बोललो. म्हटलं, काका, तो मिस्त्री मीच. काटा मी वाकवला होता. तो अडकत होता, मला माहीत होतं, तरी चालून जाईल म्हणून दिला.

मला वाटलं होतं शिव्या देतील. अंगावर धावून येतील, याचीही तयारी होती. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मंग काटा अर्ध्यावरच होता?"

"हाव काका. अर्ध्यावरच होता."

"मले बरोबर दिसला होता?"

"बरोबर दिसला होता."

ते तीनदा विचारलं त्यांनी. तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. मग रडले, आवाज न करता. मी खाली बसून शेंगा सोलायला लागलो. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून साधा मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. "हे माह्या पोराले सांगा. नंबर याच्यात हाय. माहा फोन तो उचलत नाई. तुमच्या फोनवरून लावा."

सुनील नाव मुलाचं. त्याने उचलला. मी कोण, कुठून बोलतो, मीटर कसा दुरुस्त केला, काय चुकलं, तुझ्या वडिलांची चूक नव्हती, सगळं एका दमात सांगितलं.

शकीलभाई अजून त्याच रस्त्याने जातात. काटा आता कधी पडतो, कधी पडत नाही, असं म्हणतात. मी पुन्हा गाडी तपासायला घेतली नाही. एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला तिथून एखादी मोठी लाइन जात असेल. लाइन नाही तिथे. मी पाहून आलोय. कधी वाटतं, आपल्याच मनात कुठेतरी ते काम खुपत होतं का? पण काटा तर शकीलभाईंना आधी दिसला... आणि मी त्या रस्त्याला त्याआधी आयुष्यात गेलो नव्हतो.

त्या दिवशी फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर सुनीलने एकच विचारलं.

"मिस्त्री, इतक्या वर्षांनं तुमाले हे कोनं सांगतलं?"

मी तोंड उघडलं. शामरावकाका माझ्याकडेच पाहत होते. काय सांगायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, आणि आजही नाही. मी म्हणालो, "तू आधी बाबांशी बोल," आणि फोन त्यांच्या हातात दिला.