धाकट्याचा नमुना

माझा धाकटा भाऊ बिडकीनच्या एका कंपनीत नुकताच लागला होता. मानेवर गाठ आली, तपासली, कॅन्सर निघाला. तेवीस वर्षांचा होता.

केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी वडिलांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. औषधं कडक आहेत, पुढं मूल होणं अवघड जाईल, तेव्हा आधीच वीर्याचा नमुना गोठवून ठेवा, म्हणाले. वडिलांनी मान हलवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. "तूच सांग त्याला," एवढंच बोलले. आमच्याकडं असलं बाप लेकाशी बोलत नाही, बहीण तर मुळीच नाही. तरी मी सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

मला वाटलं, चिडेल. पण तो लगेच म्हणाला, "करू की, ताई."

"नक्की?"

"घरातले सगळे माझ्याशी मयताला आल्यासारखं हळू बोलायलेत. मी जगणार असं धरून बोलणारा हा डॉक्टर पहिलाच माणूस."

नमुना ठेवला. केमो झाली. केस गेले, परत आले. मग गाठीही परत आल्या. दिवाळीनंतर एकदा मी त्याचे पाय चेपत होते, तेव्हा म्हणाला, "ते ठेवलंय ना, मी गेल्यावर टाकून द्यायला सांग. कुणाच्या लेकीच्या गळ्यात नका बांधू."

संक्रांतीच्या आत तो गेला.

काही दिवसांनी आईनं विषय काढला. "माझ्या माहेरी सिल्लोडकडं एक पोरगी हाय, नवऱ्यानं टाकलेली. तिला घरी आणू. त्या ठेवलेल्यातून लेकरू झालं तर तिलाबी लई जीव लावीन."

"आई, तो नको म्हणाला होता."

"तुला म्हनला. मला नाय म्हनला."

वडील आणि मी नमुना टाकून द्या म्हणून सांगायला दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "नक्की ना?" वडिलांनी 'व्हय' म्हणून सही केली.

घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत होती. जेवणं झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू दोन लेकरांची आई हायेस. तुला सोपं गेलं."

वडील म्हणाले, "मीबी होतो की संगं." ती न ऐकल्यासारखं करून आत गेली.

वडिलांशी ती पुढं बोलायला लागली. माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलते.