झाडाखाली कोण बसणार?

आमच्या जाऊबाई चित्रांतून माणसांचे गुण विकतात, असं मी म्हटलं की त्या चिडतात. पण खोटं नाही त्यात काही. कुणी निवृत्त होणार असलं, कुणाला बढती मिळाली, की लोक आमच्या दारात हजर. "धैर्य हवंय, बाहेरच्या खोलीत लावायला," म्हणतात, आणि जाऊबाई डोंगर काढून देतात. नम्रता हवी असेल तर फळांनी वाकलेली फांदी. सहनशीलता म्हणजे नदीच्या धारेत बसलेला दगड.

त्यांचा एक हट्ट मात्र आहे. गुण कुणाच्या तरी उपयोगी पडल्याशिवाय दिसत नाही, असं त्या म्हणतात. नुसता डोंगर म्हणजे दगडमातीचा ढीग. त्याच्या आडोशाला एक घर काढलं की त्याचं धैर्य होतं. वाकलेल्या फांदीखाली हात उंच केलेलं पोर हवंच. चित्र न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे ऐकवतात. मला तर इतकं पाठ झालंय की त्यांना खोकला झाला तर मीही ऐकवू शकेन.

तर पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून लोक आले. माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, तिथेच कामाला. त्यांचा फोरमन निवृत्त होणार होता. कामगारांनी त्याचं नाव आग्यावेताळ ठेवलेलं, यावरून काय ते समजा. त्याला निरोपाची भेट म्हणून कोणता गुण द्यावा यावर बरीच खलबतं झाली आणि शेवटी ठरलं, औदार्य. म्हणजे टकल्याला कंगवा. मला हसू आवरेना. जाऊबाई हसल्या नाहीत.

त्याचं कारण होतं. भाऊजींच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच कारखान्यात गेली. कापायच्या मशीनमध्ये पुठ्ठा अडकला होता. भाऊजी म्हणाले, मशीन बंद करतो. फोरमन म्हणाला, चालू असतानाच ओढ, गाडी खोळंबलीय. पुढे चौकशी झाली, तीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं ठरलं, आणि फोरमन मूग गिळून बसला. तेव्हापासून भाऊजी त्याच हातानं गठ्ठे उचलतात. संध्याकाळी घरी आले की हात कोमट पाण्यात धरून बसतात, बोलत नाहीत.

आता स्टोअरमध्ये बसून करायच्या कामाची जागा रिकामी झाली होती. तिथं कुणाला घ्यायचं ते फोरमनच्या शब्दावर, आणि त्याचा शब्द चालणार तो समारंभाच्या दिवसापर्यंत. त्याच्या जागी येणारा नवा साहेब भाऊजींना ओळखतही नव्हता.

औदार्य म्हणून जाऊबाईंनी झाड सुरेख काढलं. ऐसपैस, खाली गार सावली. मग सावलीत बसवायला वाटसरू काढला आणि सुरीनं खरवडून टाकला. म्हातारी काढली, तीही खरवडली. "बसतच नाही गं कुणी," मला म्हणाल्या. "ज्याला बसवते तो खोटा वाटतो." शेवटी सावली त्यांनी तशीच सोडली.

समारंभ दुपारी होता. भाऊजी धुतलेला शर्ट घालून चित्र उचलायला आले आणि थबकले.

"माणूस कुठाय?"

"नाहीये."

"अगं, आजच्या दिवशी खूळ काढू नकोस. घास हातातोंडाशी आलाय. कुणीही बसव. कुत्रं बसव!"

"कुत्र्यानं काय पाप केलंय?"

मी फसकन हसले, आणि भाऊजींचं तोंड बघून हसू गिळलं.

"त्याला कळलं तर?" ते म्हणाले. "डोळे आहेत त्याला. मला आता गठ्ठे झेपत नाहीत. कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तर खोटं काढवत नाहीये."

मी भाऊजींच्या बाजूची होते, आणि ते मी लपवणार नाही. तत्त्वं भिंतीवर छान दिसतात. गठ्ठे उचलायला ती येत नाहीत. "जाऊबाई, एक ठिपका द्या ना," मी म्हटलं. "लांबून माणूस वाटेल." त्यांनी ब्रश धुऊन ठेवला आणि चित्रावर कापड बांधलं. आम्ही तिघंही चित्र घेऊन निघालो.

कॅन्टीनमध्ये टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. भाषणं झाली. बोलणाऱ्यांनी फोरमनची इतकी स्तुती केली की तो स्वतःच अवघडला. मग कापड काढलं. त्यानं चष्मा पुसून चित्र पाहिलं, जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. तयार खोक्याची कड तपासावी तसं.

"माझ्या मेव्हण्याकडे तुमचा डोंगर आहे," तो जाऊबाईंना म्हणाला. "त्याच्या पायथ्याशी घर आहे. का, ते तुम्हीच त्याला सांगितलंत. मग इथं झाडाखाली कोण?"

सगळ्यांच्या माना जाऊबाईंकडे वळल्या. भाऊजींनी उजवा हात खिशात घातला. अजूनही वेळ गेली नव्हती. राहून गेलं, म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"बसवण्यासारखं कुणी सापडलं नाही," जाऊबाई म्हणाल्या.

फोरमनच्या मानेवरची शीर फुगली. आता हा फुटणार, आणि भाऊजींचं स्टोअर गेलं, हे मी धरूनच चालले. तो वळला आणि भाऊजींसमोर जाऊन उभा राहिला.

"हात काढ खिशातून."

भाऊजींनी काढला. इतकी वर्षं काम सांगताना हा माणूस त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. आता त्यानं त्या हाताकडे नीट बघितलं.

"चालू मशीनमधून ओढायला मीच सांगितलं होतं," तो मोठ्यानं म्हणाला. "चौकशीत मी बोललो नाही."

नवा साहेब चुळबुळ करत उठला. "स्टोअरसाठी यांचंच नाव आहे," तो म्हणाला. "फोरमनसाहेबांनी मला सकाळीच सांगून ठेवलंय."

सकाळीच! आम्ही घरात एका ठिपक्यावरून भांडत होतो, त्याच्याही आधी. जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला. "द्या ते चित्र," त्या कशाबशा म्हणाल्या. "माणूस काढून उद्या पोचवते."

"नको." त्यानं फ्रेम काखेत घेतली. "एका सकाळीत कुणी झाड होत नाही, बाई. आहे ते बरोबर आहे."

परतताना जाऊबाई रडत होत्या, रागानं की लाजेनं, त्यांनाही सांगता आलं नसतं. मी भाऊजींना म्हटलं, "सुटलात एकदाचे गठ्ठ्यांतून!" त्यांचं लक्षच नव्हतं. ते मध्येच थांबले.

"तो म्हणाला ना, मीच सांगितलं होतं म्हणून?"

"म्हणाला की."

थोडं चालले आणि पुन्हा थांबले. "नक्की तसंच म्हणाला ना? तुम्ही दोघींनी ऐकलंत ना?" चौकशीत एकदा शिक्का बसल्यावर त्यांची स्वतःचीच खात्री उडाली होती. चूक आपलीच असेल असं धरून हा माणूस रोज हात पाण्यात घालून बसत होता, आणि आम्हा घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि भर रस्त्यात त्यांचा तो हात हातात घेतला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं."