पाठमोरी लेसिएली

कितिओनेचं फोटोचं दुकान आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या बाजाराला लागून आहे आणि त्याच्या पडवीत माझं शिलाई मशीन. वीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतेय आणि त्याची बडबड ऐकतेय. हल्ली फोटो काढून घ्यायला कुणी फिरकत नाही, सगळ्यांच्या हातात फोन. पण एआयकडून चित्र काढून घ्यायला लोक याच्याकडेच येतात, कारण कॅमेरा कुठे ठेवायचा ते शब्दांत सांगणं यालाच जमतं. पोरं नुसतं लिहितात, आजोबा छान दिसू देत. हा लिहितो, कॅमेरा चटईवर, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याइतका खाली, वर बघणारा, उजेड डाव्या दारातून. मग कुठलाही म्हातारा चित्रात सरदार दिसतो. कितिओनेला त्याचा फार तोरा होता.

गेल्या महिन्यात त्याची भाची फुसी आली. तिच्या मुलीचा एकविसावा वाढदिवस जवळ आला होता. एकविसाव्याला घरावर मोठा बॅनर लागतो, त्यावर घरातली सगळी माणसं, गेलेलीसुद्धा. फुसीला आईचा चेहरा हवा होता. आई लेसिएली, म्हणजे कितिओनेची थोरली बहीण, फुसीला जन्म देतानाच गेली. त्यांच्या बेटावर तेव्हा कॅमेरा नव्हता. तिला बघितलेलं आता एकच माणूस उरलंय.

"मामा, तुला सगळं आठवतं. तूच लिही," फुसी म्हणाली. बहिणीच्या मुलीला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही.

त्याने लिहिलं. लांबून, पाठीमागून, ओहोटीच्या वेळी शिंपले वेचायला निघालेली. पाठमोरी बाई आली. अगदी तीच, म्हणून तो रडला. मग दाराच्या फटीतून, जमिनीलगत, फक्त पावलं आणि चटईची कड. तेही बरोबर. चार दिवस असंच चाललं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भाऊ वयात येऊ लागला की त्याने बहिणीच्या छपराखाली झोपायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहायचं नाही, हे मीही माझ्या भावांकडून हक्काने करून घेतलंय. कितिओनेला दहाव्या वर्षी चुलत्याकडे झोपायला पाठवलं. त्यानंतर ती समोर आली की हा मान खाली घालायचा. चांगला भाऊ होता.

पाचव्या दिवशी फुसी म्हणाली, "पाठ पुरे झाली, मामा. आता समोरून."

त्याने लिहिलं, समोरून, डोळ्यांच्या रेषेत, दोन हातांवरून. पुढे काही सुचेना. नाक कसं, हनुवटी कशी? शेवटी तेवढंच पाठवून दिलं. एक देखणी बाई आली, सरळ आमच्याकडे बघणारी. आणि कितिओनेची मान आपोआप खाली गेली.

"हीच का?" फुसीने विचारलं.

"मला नाही माहीत गं. लहानपणचं काही आठवत नाही, आणि दहाव्या वर्षानंतर मी कधी वर बघितलंच नाही."

फुसी डोळे पुसून म्हणाली, "असू दे. हीच छाप. पोरीला कुठे ठाऊक आहे?"

त्याने छापली. वाढदिवसाच्या जेवणाला पाहुणे एकमेकांना सांगत होते, नातीने आजीचं नाक घेतलंय. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही.

परवा कितिओने पडवीत येऊन बसला. पूर्वी डोळे मिटले की लेसिएली पुढे चालताना दिसायची, म्हणाला. चाळीस वर्षं तेवढी पाठ तरी त्याच्याकडे होती.

"आता ती वळते," तो म्हणाला. "आणि ती बॅनरवरची बाई असते."