माउस काढून ठेवणारे मामा

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवून ती तपासायला माझ्या बायकोच्या मामांकडे दिली असती, तर ती अजून दुरुस्तीलाच पडून असती. बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात मामांनी आयुष्यभर सुट्या भागांची मापं घेतली आणि निवृत्तीला चार वर्षं असताना अचानक घरी बसले. का, ते कुणाला सांगत नसत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या छोट्या कंपनीला वेबसाइट तपासायला माणूस हवा होता. बायकोने धरलेला हट्ट मोडवेना, म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप लावून घेतला.

मामा हेब्बाळहून बसने येत, आल्या आल्या माउसची वायर काढत, माउस खणात ठेवत आणि दिवसभर नुसती टॅबची की दाबत बसत. टॅब दाबला की स्क्रीनवरची खूण एका रकान्यातून दुसऱ्यात जायला हवी. आमच्या पानांवर ती मध्येच कुठेतरी गडप व्हायची. मग माझ्या टेबलावर चिठ्ठी यायची : अक्षरं फिकट आहेत, चित्राला नाव नाही, चौथ्या पानावर ‘पाठवा’ या बटणापर्यंत पोचता येत नाही. त्या चौथ्या पानाची चिठ्ठी तीन आठवडे रोज येत होती. "मामा, माउसने दाबा ना, लगेच चालतं," मी थकून म्हणायचो. "ज्याला माउस धरता येत नाही, त्यानं काय करायचं, जावईबापू?" "असा कोण येणार आहे आपल्याकडे?" "येईल की. स्वल्प दुरुस्त करा." मामांचं हे कानडी ‘स्वल्प’, थोडंसं, म्हणजे दोन दिवसांचं काम आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. कॉफीचा पेलाही ते कधी उचलत नसत. टेबलावर ठेवूनच वाकून घोट घेत. "उचलली की निवते," म्हणत. आम्ही हसायचो.

एके दिवशी साहेबांनी फर्मावलं, दुपारी गिऱ्हाईक येतंय, साइट मामाच दाखवतील. स्वतःच्या हाताने माउस जोडून ते फोन घ्यायला गेले. मामांनी माउसवर हात ठेवला. स्क्रीनवरचा बाण ‘पाठवा’च्या भोवती थरथरत फिरला, पण बटणावर काही टेकेना. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"कारखान्यात मापं घेतानाही असंच व्हायला लागलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेबांना कळू देऊ नका. पुन्हा घरी बसणं मला जमायचं नाही."

मला स्वतःची लाज वाटली. जेवण सोडून मी चौथं पान दुरुस्त केलं. वीस मिनिटं लागली. दुपारी मामांनी टॅब दाबत दाबत सगळी साइट दाखवली. गिऱ्हाइकाने विचारलं, "माउस लागत नाही?" मामा म्हणाले, "आमच्या साइटला लागत नाही." त्याला ते फार आवडलं.

त्यानंतर मामांनी दीड वर्ष काम केलं. पुढे टॅब एकदा दाबायला जावं तर तीनदा दाबला जाऊ लागला, तेव्हा ते आपणहून थांबले. निरोपाच्या वेळी साहेबांनी हात पुढे केला. मामांनी दोन्ही हात घट्ट जोडून लांबूनच नमस्कार केला. "जुन्या वळणाचा माणूस," साहेब कौतुकाने म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण मी हो म्हणालो.