सोमवारची हजेरी

“सर, बाई गेल्या...” कविताने, माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, फोनवर एवढंच सांगितलं. मग मी तिच्यावरच खेकसलो, “गेल्या म्हणजे काय? परवा तर बोललो आम्ही!” जसं काही त्या पोरीनेच केलं होतं. कल्याणच्या दवाखान्यात सुनंदा गायकवाड बाईंना भेटलो, तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईन, आणि मला विचारत होत्या, “भोईर सर, सोमवारची हजेरी कोण घेणार?” म्हटलं, तुम्हीच घ्याल, आधी बऱ्या व्हा. त्या हसल्या... बऱ्या काही झाल्या नाहीत. महिना उलटून गेला तरी माझा राग उतरलेला नाही. मुरबाडला त्यांच्या कॉलेजात शोकसभा झाली, तिथे एकेक जण उठून त्यांना ‘शांत’ आणि ‘मितभाषी’ म्हणत होता. मितभाषी! मी मनात म्हटलं, या लोकांनी दुसऱ्याच कुणाचे तरी हार आणलेत.

त्या मुरबाडला भूगोल शिकवायच्या, मी शहापूरला. आमची ओळखच भांडणातून झाली. नव्वदच्या दशकात उत्तरपत्रिका तपासायला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. शहापूरच्या पर्जन्यमानावर एका पोराने लिहिलं होतं, ‘आमच्याकडं पाऊस लय, पण पाणी नाय.’ मी त्यावर लाल काट मारली. शेजारून आवाज आला, “का हो सर, उत्तर चुकलंय का?” मी म्हटलं, ही काय भाषा झाली? तर म्हणाल्या, “भाषा त्याच्या आईची आहे. उत्तर बरोबर आहे. मार्क द्या.” मी दिले नाहीत, त्यांनी सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमची जुंपली होती. शेवटी मार्क दिले, आणि त्यांनी डब्यातली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर वाढली.

पुढे मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं. एक दिवस बाईंचा फोन. “सर, ई-मेल काढा.” मी म्हटलं, मला नाय जमायचं. “का? वर्गात पोरांना सांगता ना, प्रयत्न करा म्हणून?” झालं, काढला. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. दोन्ही कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचा ई-मेलवर एकच गट करायचा, आणि दर सोमवारी प्रत्येकाने आपापल्या गावच्या विहिरीला किती पाणी आहे ते लिहायचं. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे खो खो हसले. “गावात लाइट टिकत नाय आणि ह्या बाई इंटरनेटवर शिकवणार!” हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “लाइट जाते म्हणून तुमच्या स्टाफरूमने पंखा काढून टाकलाय का?” या बाई मितभाषी!

सोमवारी बाई गटावर एकच शब्द टाकायच्या, ‘hajeri’. देवनागरीत लिहिलं की पलीकडे नुसते चौकोन उमटत, म्हणून सगळा कारभार इंग्रजी अक्षरांत. पोरं उत्तर द्यायची, ‘hajar’, पुढे नाव किंवा गाव, त्याखाली विहिरीची हकीकत. भातसानगरच्या धरण वसाहतीतला एक मुलगा लिहायचा की धरण अजून चांगलं भरलेलं आहे, आणि त्याच सोमवारी खर्डीकडची कविता लिहायची की विहीर आटली, झऱ्यावर रांग लागली. धरण उशाला, कोरड घशाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ती दोन पत्रं एकाखाली एक वाचली आणि वर्गात पोरं नकाशावर धरण ते खर्डी अंतर मोजायला लागली. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचून दाखवणारा मी... मीही ते मिटून ठेवलं.

त्याच वर्षी कविताची हजेरी कमी भरली. पाणी भरण्यात तिची सकाळ जायची, कॉलेज बुडायचं. पण सोमवार तिने चुकवला नाही. खर्डी स्टेशनाजवळच्या फोन बूथवर एक संगणक होता, तिथून ती लिहायचीच. आमच्या प्राचार्यांनी तिला परीक्षेला बसू द्यायला साफ नकार दिला. नापास झाली तर गोष्ट वेगळी, पण परीक्षेलाच बसली नाही तर घरचे लग्न उरकणार, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, “सर, मी दर सोमवारी लिवते ना? मंग मी गैरहजर कशी?” मी त्याच संध्याकाळी बाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्या तीन आसनी रिक्षा, मग एसटी करत शहापूरला हजर. हातात तिच्या सगळ्या पत्रांचे छापील कागद.

प्राचार्यांनी चष्मा लावला, पहिला कागद धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता की कविसंमेलन भरवता? हजार कविता?” मला काही कळेना. कागदावर होतं, ‘hajar kavita’. बाई एवढ्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. “अहो सर, हजार नाही, हजर. कविता हे पोरीचं नाव आहे!” प्राचार्यांना ते झोंबलं. म्हणाले, “मुळात ही तुमची विद्यार्थिनी नाही. तुमचा संबंध काय?” बाईंचं हसू गेलं. “दर सोमवारी मला हजर म्हणते. मग कुणाची आहे ती?” प्राचार्य म्हणाले, “हे नियमात बसत नाही.” आणि बाई म्हणाल्या, “नियमात बसत नसेल तर नियमाला जरा उभं करा!”

नियम काही उभा राहिला नाही. पण बाईंनी तो मागवून वाचला. हजेरी वर्गात घ्यावी, कमी भरली तर जादा तास घ्यावेत, एवढंच होतं त्यात. वर्ग कुठे भरवावा हे कुठेच नव्हतं. मग आम्ही रविवारी खर्डीला उतरायचो आणि कविताच्या पाड्यावर, त्या आटलेल्या विहिरीशेजारी वर्ग भरवायचो. मस्टर माझं, तोंड बाईंचं. कविता सगळ्या गटाची पत्रं मोठ्याने वाचायची, बायका हंडे खाली ठेवून ऐकायच्या. एक म्हातारी म्हणाली, “गो बाय, आमची विहीर मुरबाडपातूर पोचली?” बाई म्हणाल्या, “पोचली ना. तिथली पोरं चौकशी करतात तिची.” महिनाअखेरीस प्राचार्यांनी तोंड वाकडं करून त्या मस्टरवर सही केली. कविता परीक्षेला बसली, चांगली पास झाली. आज ती स्वतः शिकवते. बाई गेल्याचा फोन तिनेच केला, यात सगळं आलं.

पोरं पांगली, नोकऱ्यांना लागली, तरी तो गट बाईंनी बंद केला नाही. सोमवार आला की ‘hajeri’. कोण कामाला लागलं, कुणाला मूल झालं, कुठल्या गावाला अजून टँकर येतो, सगळं तिथेच कळायचं. बाई गेल्यानंतरच्या सोमवारी मी संगणक लावून बसलो. गटावर शुकशुकाट. दुपारी कविताचं एक ओळीचं पत्र आलं. ‘sar, somvar aahe. hajeri ghya.’

घेतली. एकेक उत्तर यायला लागलं. hajar, kinhavli. hajar, bhatsanagar. hajar kavita. मला काय झालं कोण जाणे, मी ते मोठ्याने ‘हजार कविता’ असं वाचलं आणि एकटाच हसत सुटलो, आणि मग हसणं राहिलं नाही ते...

डोळे पुसले आणि यादी पुन्हा पाहिली. एक नाव राहिलं होतं. दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर वर्गाबाहेर काढत आलोय, दयामाया न दाखवता. त्या दिवशी मी स्वतः, माझ्या हाताने, सगळ्यांच्या खाली टाइप केलं, ‘hajar. gaikwad bai’. तेव्हापासून दर सोमवारी लावतो. पुढेही लावणार. नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. नियमाला म्हणावं, उभा राहा.