हौदातली मुलगी

माझ्या मावशीने इस्पितळाच्या लॉन्ड्रीत उभी हयात घालवली, आणि त्या कामाची किळस तिला निवृत्त होईपर्यंत वाटत राहिली. "होते सवय" असं कुणी म्हणालं की ती फिसकारायची, "या की एकदा पू लागलेल्या चादरी वेगळ्या करायला!" घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासायची, तरी जेवताना घास तोंडाशी नेला की नाक मुरडायची.

एकदा तिच्या वाचनात आलं, की प्राचीन रोममधले परीट कपडे धुवायला शिळं मूत वापरत. ते घागरींतून गोळा करायचं, हौदात ओतायचं आणि गुलामांनी त्यात उभं राहून कपडे तुडवायचे. मावशीला शिसारी आली, पण पुस्तक खाली ठेववेना. "त्यांना तर रबरी बूटसुद्धा नव्हते गं," ती मला म्हणाली.

त्यातून तिने मुलांसाठी एक रहस्यकथा लिहिली. हौदात कपडे तुडवणारी एक गुलाम पोर. तिची मैत्रीण एका सरदाराकडे कपडे पोचवायला जाते ती परतच येत नाही. मग त्याच घरून टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पांढरंशुभ्र वस्त्र, धुवायला येतो. "द्राक्षारस सांडलाय," असा निरोप. पोर डाग बघूनच ओळखते, हे रक्त आहे. ती खुन्यापर्यंत पोचते, पण गुलामाच्या शब्दाला विचारतो कोण? सरदार सुटतो. पोर मात्र तो टोगा न धुता भर चौकात वाळत घालते.

प्रकाशनाच्या संपादकबाईंना कथा आवडली. "झकास! फक्त ते मूत काढू या, गुलाबपाणी घालू. आणि गुलाम नको, परटाची लाडकी लेक करू."

"लाडकी लेक हौदात कशाला उतरेल?"

"गंमत म्हणून!"

मावशी नाही म्हणाली. बाई गोड हसून "बरं, बघू या" म्हणाल्या, आणि भोळेपणाने मावशीने करारावर सही केली.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर फेसात नाचणारी गोरी गोमटी मुलगी. आत गुलाम गाणी म्हणत होते, आणि मैत्रीण मेलीच नव्हती, बाजारात वाट चुकली होती. मावशीने ते चिमटीत धरून गॅलरीत ठेवलं. "घरात नको. नासलंय ते."

तरी एका शाळेने पुस्तकाबद्दल बोलायला बोलावलं तेव्हा ती गेली. पोरांचं काय चुकलं, म्हणाली. मीही सोबत होते. मंचावर 'रोमचा बाजार' नावाचा खेळ चालला होता. चार मुलांच्या गळ्यात 'गुलाम' अशा पाट्या आणि बाकीची मुलं बोली लावत होती. पुढे उभी होती ती शाळेच्या शिपायाची मुलगी. "तोंड उघड, दात बघू," एक मुलगा म्हणाला, आणि पहिल्या रांगेतले शिक्षक खो खो हसले. मुलीने तोंड उघडलं.

मावशी तरातरा वर चढली. तिने आधी त्या मुलीच्या गळ्यातली पाटी काढली, मग बाकीच्यांच्या. "हा खेळ नाही," ती माईकवर म्हणाली. "बसा खाली. खरी गोष्ट सांगते."

आणि मूत, दर्प, पायांना पडलेल्या भेगा, सगळं सांगितलं.

"ईऽऽ!" पोरं ओरडली.

"हो, ईच!" मावशी म्हणाली.

मैत्रीण परत येत नाही इथवर गोष्ट आली तेव्हा पोरं पुढे सरकून बसली होती.

गोष्ट संपली तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई मात्र लालबुंद झाल्या होत्या. "अहो, पालकांना मी काय सांगू? मुलांना हे असलं किळसवाणं ऐकवलं म्हणून?"

"आधी पाट्यांचं सांगा," मावशी म्हणाली.

बाहेर पडताना शिपायाची मुलगी मागून पळत आली. "त्या सरदाराला काहीच झालं नाही?"

"नाही गं बाळा."

"शी!" ती म्हणाली.

मावशीने घरी जाऊन मूळ कथेची झेरॉक्स काढली आणि शिपायाच्या हाती मुलीसाठी धाडली. शाळेतला प्रकार कळल्यावर संपादकबाईंचा फोन आला, "तुम्ही आमचं नाक कापलंत!" मावशीने एवढंच मागितलं, की पुस्तकावरून आपलं नाव काढावं. ते त्यांनी आनंदाने काढलं. पुस्तक अजून खपतं. दुकानात दिसलं की मावशी नाक मुरडते, आणि मीही.